रँडचा निषेध, रँडचीच रीत : एचआयव्ही चाचणीच्या सक्तीचा इतिहास

१)
पुण्याच्या ईशान्येला, विश्रांतवाडीच्या चौकातून जाणारा आळंदी रस्ता ज्ञानोबा माउलींच्या पालखीमुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. साथरोगांच्या इतिहासाचा नकाशा मांडण्यासही हाच चौक सोयीचा. पश्चिमेस खडकीची लष्करी छावणी. नैर्ऋत्येस गणेशखिंड, जेथे २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. उत्तरेस दिघीच्या पलीकडे भोसरी, जेथे १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजेच ‘नारी’, या नावाने स्थापन झालेली संस्था आहे.

२)
या तिन्ही ठिकाणांना जोडणारा प्रश्न एकच आहे. रोग शोधण्यासाठी राज्यसंस्थेने माणसाच्या शरीरावर किती जोर चालवावा? छावणीने त्याचे एक उत्तर दिले. रँडने तेच उत्तर घराघरांत नेले. भोसरीतील संशोधनाने वेगळ्या उत्तराकडे बोट दाखवले. तरीही ‘लग्नाआधी एचआयव्ही चाचणी सक्तीची करा’ ही मागणी दर काही वर्षांनी नव्या उत्साहाने पुढे येते.

३)
गोव्यात ती २००६ मध्ये आली आणि २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांच्या तोंडून पुन्हा आली. २०२५ मध्ये मेघालय सरकारने तसा कायदा करण्याचा विचार बोलून दाखवला. महाराष्ट्रातही हा विषय अधूनमधून डोके वर काढतो. मागणी करणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगलाच असतो: निष्पाप वधू वाचावी. पण चांगल्या हेतूने केलेली सक्ती ही या भूमीला नवी नाही. तिचा हिशेब दीडशे वर्षांपासून उपलब्ध आहे.

४)
आरंभ छावणीपासून. ब्रिटिश सैनिकांत गरमी-परम्याचे प्रमाण वाढले, तेव्हा सरकारने उपाय योजला तो स्त्रियांवर. १८६४ च्या छावणी कायद्याने आणि पुढे १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची नोंदणी, ठरावीक मुदतीने सक्तीची तपासणी आणि रोग आढळल्यास ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये स्थानबद्धता लादली. ज्या सैनिकांसाठी हा सारा खटाटोप होता, त्यांची अशी नोंदणी कधी झाली नाही.

५)
परिणाम काय झाला? स्त्रियांनी नोंदणी टाळली, वस्त्या बदलल्या, नावे बदलली. मुंबईत हा कायदा १८७० मध्ये लागू झाला, १८७२ मध्ये थांबवावा लागला, १८८० मध्ये पुन्हा आणला गेला. अखेर १८८८ मध्ये तो रद्द झाला. वीस वर्षांच्या सक्तीने सरकारच्या हाती वह्या भरून नोंदी आल्या. रोग मात्र त्या वह्यांच्या बाहेरच राहिला.

६)
मग १८९७. पुण्यात प्लेगने थैमान घातले. ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा आला आणि डब्ल्यू. सी. रँडच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने गोऱ्या शिपायांना घराघरांत घुसवले. माजघरापर्यंत झडती, स्त्रियांची तपासणी, सामानाची जाळपोळ, संशयितांची छावणीत रवानगी. रोगाला आळा घालण्याचा हेतू खोटा नव्हता. प्लेग खराच होता आणि माणसे खरीच मरत होती.

७)
परंतु घरातील आजारी माणूस सापडला की सारे घर उद्ध्वस्त होते, हे लोकांनी पाहिले आणि ते आजाऱ्याला लपवू लागले. प्रेते गुपचूप पुरली गेली. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले आणि त्यांच्यासोबत रोगही गेला. माहिती मिळवण्यासाठी वापरलेल्या बळानेच माहितीचा झरा आटवला. साथरोगाच्या इतिहासात याहून महत्त्वाचा धडा क्वचितच असेल.

८)
त्याच महिन्यांत त्याच पुण्यात दुसरी रीतही अस्तित्वात होती. सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंत यांनी हडपसर परिसरात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या वस्तीतील आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून आणले आणि त्याच शुश्रूषेत संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. रँडच्या शिपायांना पाहून लोक दार लावून घेत. सावित्रीबाईंना ते दार उघडे होते.

९)
पुढील दोन-तीन वर्षांत सरकारनेही सक्तीचा बराचसा भाग गुंडाळला. पण पुण्याने १८९७ ची आठवण निवडक ठेवली. चाफेकर बंधू स्मरणात राहिले, त्यांच्यावर चित्रपटही निघाला. रँड खलनायक ठरला. मात्र रँडचे धोरण का फसले, हा प्रश्न मागे पडला. जणू त्याचा दोष गोरेपणाचा होता. तीच रीत देशी हातांनी, देशी कायद्याने अवलंबली की तिला ‘कठोर पण आवश्यक पाऊल’ म्हटले जाते.

१०)
येथे एक रास्त आक्षेप येतो. प्लेग वेगळा, एचआयव्ही वेगळा. खरेच आहे. प्लेग काही दिवसांत जीव घेई. एचआयव्ही वर्षानुवर्षे लक्षणांविना शरीरात राहतो. तो स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, डासाने पसरत नाही. असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त, दूषित सुया आणि आईकडून बाळाला, एवढेच त्याचे मार्ग. म्हणजे झडती व स्थानबद्धतेचे जे समर्थन प्लेगच्या बाबतीत निदान मांडता येत होते, तेही येथे उरत नाही.

११)
भारतात एचआयव्ही प्रथम सापडला १९८६ मध्ये, मद्रासमध्ये. डॉ. सुनीती सोलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली निर्मला सेल्लप्पन या तरुण संशोधिकेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले होते. शोध विज्ञानाचा होता. पण व्यवस्थेची प्रतिक्रिया १८६८ सालचीच निघाली. बाधित आढळलेल्या काही स्त्रियांना डांबून ठेवण्यात आले आणि त्यांच्या सुटकेसाठी उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली.

१२)
मराठी मुलखाच्या शेजारी गोव्यात तर कायद्यानेच स्थानबद्धता आणली. तेथील सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून एचआयव्हीबाधिताला वेगळे ठेवण्याची तरतूद झाली. डॉमनिक डिसूझा हा तरुण नियमित रक्तदाता होता. त्याने दिलेल्या रक्ताची तपासणी झाली आणि १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले. म्हापशाच्या जुन्या क्षयरुग्णालयात त्याला ६४ दिवस एकट्याला ठेवण्यात आले.

१३)
त्याची आई ल्युसी डिसूझा मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे गेली. न्यायालयाने कायदा वैध ठरवला: व्यक्तीचा हक्क आणि समाजाचे हित यांत संघर्ष आला, तर व्यक्तीने माघार घ्यावी, असा त्या निकालाचा आशय होता. सक्तीच्या बाजूचा सारा युक्तिवाद या एका वाक्यात सामावतो आणि त्यातील चूकही. कारण मुळात असा संघर्ष नव्हताच. डॉमनिकला डांबल्याने समाजातील एकाही माणसाचा संसर्ग टळला नाही.

१४)
उलट काय झाले असेल, याचा विचार करावा. स्वेच्छेने रक्त देणाऱ्या माणसाच्या दारात पोलीस आले, ही वार्ता गोवाभर पसरली. ज्याला आपल्या प्रकृतीविषयी तीळभरही शंका होती, त्याने त्यानंतर स्वतःहून तपासणी का करून घ्यावी? पुढे डॉमनिकने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभारण्यासाठी झटून काम केले आणि मे १९९२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. कायदाही नंतर सौम्य करावा लागला.

१५)
१९८९ मध्येच केंद्र सरकारने एड्स प्रतिबंधक विधेयक संसदेत आणले. त्यात आरोग्य अधिकाऱ्याला तपासणीची आणि वेगळे ठेवण्याची सक्ती करता येणार होती. देशभरातून विरोध झाला आणि ते मागे घेतले गेले. हा विरोध रोगाविषयी बेफिकीर असलेल्यांचा नव्हता. रुग्णांच्या सर्वांत जवळ असलेले डॉक्टर, वकील व कार्यकर्ते त्यात पुढे होते.

१६)
१९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे ‘नॅको’, स्थापन झाली आणि राष्ट्रीय कार्यक्रमाचा पहिला टप्पा सुरू झाला. धोरणाची दिशा हळूहळू पालटली: रक्तपेढ्या सुरक्षित करणे, कंडोमचा प्रसार, समुपदेशनासह स्वेच्छा चाचणी आणि ज्या समूहांना अधिक धोका आहे त्यांच्यापर्यंत त्यांच्यातील माणसांमार्फत पोहोचणे. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा, कारण तो लॉक हॉस्पिटलच्या नेमका उलट आहे.

१७)
याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण सांगलीचे. मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेने १९९२ पासून तेथील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांसोबत काम सुरू केले. कंडोम वाटणाऱ्या, सहकारणीला समजावणाऱ्या, दवाखान्यात सोबत जाणाऱ्या याच स्त्रिया होत्या. १९९६ मध्ये त्यांचा स्वतःचा ‘वॅम्प’ हा संघ उभा राहिला. ज्यांना शंभर वर्षे रोगाचे उगमस्थान मानले गेले, त्याच प्रतिबंधाच्या कार्यकर्त्या ठरल्या.

१८)
न्यायालयही बदलले. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका हंगामी कामगाराचे प्रकरण आले. एचआयव्ही आढळला म्हणून त्याला काम नाकारण्यात आले होते. जो काम करण्यास सक्षम आहे आणि ज्याच्यापासून सहकाऱ्यांना धोका नाही, त्याची रोजी केवळ चाचणीच्या अहवालावरून हिरावता येत नाही, असा निवाडा झाला. त्याचे नाव उघड न करता खटला चालवू दिला गेला. आजही निकालपत्रावर ‘एमएक्स’ एवढीच त्याची ओळख आहे.

१९)
त्याच वर्षी पुण्यातून एक महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. डॉ. रमण गंगाखेडकर व ‘नारी’तील सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या ९१६ स्त्रियांचा अभ्यास केला होता. त्यांतील ३९१ स्त्रिया देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. बहुतेक विवाहित, आयुष्यात एकच जोडीदार असलेल्या. त्यांच्यापैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या.

२०)
सक्तीचे समर्थक याच स्त्रियांकडे बोट दाखवतात: ‘लग्नाआधी तपासणी झाली असती तर?’ प्रश्न भावनेला भिडतो, पण उत्तर अभ्यासातूनच सुचते. त्या स्त्रियांचा धोका लग्नाच्या एका दिवसापुरता नव्हता. तो संसाराच्या प्रत्येक वर्षात होता. मांडवात दाखवलेला ‘निगेटिव्ह’ कागद पुढच्या दहा वर्षांविषयी काहीही सांगत नाही. पतीला कंडोम वापरायला सांगण्याचे बळ तो कागद पत्नीला देत नाही. ‘तपासणी झालीच आहे’ म्हणून असलेले बळही काढून घेतो.

२१)
शिवाय त्या दिवसाविषयीही कागद खात्रीचा नसतो. संसर्ग झाल्यानंतर काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत, प्रतिपिंडांवर आधारलेली चाचणी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. हाच ‘विंडो पीरिअड’. या काळात विषाणू भरपूर असतो आणि संसर्गाचा धोकाही मोठा असतो. म्हणजे जेथे इशारा सर्वाधिक हवा, नेमके तेथेच सरकारी शिक्का निर्धास्त करतो.

२२)
आता थोडे गणित. भारतात प्रौढांमधील एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. समजा १ लाख इच्छुक वधूवरांची चाचणी झाली. त्यांत सुमारे २०० जण खरोखर बाधित असतील. चाचणी निरोगी माणसाला ९९.५ टक्के वेळा बरोबर ओळखते असे धरले, तरी उरलेल्या ९९,८०० निरोगी माणसांपैकी सुमारे ५०० जणांचा पहिला अहवाल चुकून ‘पॉझिटिव्ह’ येईल. म्हणूनच राष्ट्रीय पद्धतीत तीन वेगवेगळ्या चाचण्या जुळल्यावाचून निदान होत नाही.

२३)
ही पडताळणी समुपदेशन केंद्रात शांतपणे होते. लग्नाची तारीख ठरलेल्या दोन घरांत ती तशी होईल का? पहिल्या अहवालाची कुजबुज दुसऱ्या अहवालाआधी गावभर होते. मुलाचे लग्न दुसरीकडे ठरते. मुलीच्या नावावर डाग कायम राहतो. आणि ज्याच्याकडे पैसा व ओळख आहे, तो सोयीचा दाखला मिळवतो. सक्ती जेथे असते तेथे खोट्या कागदांचा बाजार उभा राहतो, हे वेगळे सांगायला नको.

२४)
हा केवळ तर्क नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने १९८८ च्या जानेवारीत विवाहपूर्व चाचणी सक्तीची केली. पहिल्या सहा महिन्यांत सुमारे ७१ हजार अर्जदार तपासले गेले. बाधित सापडले ८. त्याच काळात विवाह परवान्यांची संख्या पाचव्या हिश्श्याहून अधिक घटली, कारण जोडपी लग्नासाठी शेजारच्या राज्यांत जाऊ लागली. १९८९ मध्ये कायदा रद्द झाला. शिकागोची जोडपी आणि १८९७ मधील पुणेकर, दोघांनीही सक्तीपुढे एकच मार्ग धरला.

२५)
मग सक्ती कोठेच नको का? एका ठिकाणी ती हवीच, आणि ती आहे. रक्तपेढीत येणारे प्रत्येक रक्त तपासले गेलेच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली, तीही योग्यच. पण ही सक्ती रक्ताच्या पिशवीवर आहे. दुसऱ्याच्या शरीरात थेट जाणाऱ्या वस्तूची शुद्धता तपासणे आणि माणसाला नोकरी, शिक्षण किंवा लग्नासाठी पात्रता सिद्ध करायला लावणे, यांत मूलभूत फरक आहे.

२६)
दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जोडीदाराला जाणून घेण्याचा हक्क नाही का? आहे. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियोजित वधूला सत्य कळणे रास्त मानले, पण त्याच ओघात बाधिताचा विवाहाचा हक्कच स्थगित ठरवला. २००२ मध्ये ही दुसरी टिप्पणी अनावश्यक ठरवून बाजूला सारण्यात आली. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने मार्ग आखून दिला: समुपदेशनानंतरही बाधित व्यक्ती सांगत नसेल आणि जोडीदाराला खरा धोका असेल, तर डॉक्टर ठरावीक अटींवर जोडीदाराला सांगू शकतो.

२७)
हाच कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीवाचून चाचणी नाही. नोकरी, शिक्षण वा उपचारांची अट म्हणून चाचणी नाही. संमती किंवा न्यायालयाचा आदेश नसताना, काही मोजके अपवाद वगळता, माहिती उघड करणे नाही. तक्रारींसाठी प्रत्येक राज्यात लोकपाल. म्हणजे मद्रासच्या स्त्रियांपासून डॉमनिकपर्यंत, तेथून ‘एमएक्स’पर्यंत जे सोसले गेले, त्याची ही कायद्यातील नोंद आहे. विवाहपूर्व सक्ती या कायद्याच्या गाभ्यालाच छेद देते.

२८)
स्वेच्छेची रीत केवळ दयेपोटी नाही. तिला विज्ञानाचा आधार आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी औषधे मोफत मिळू लागली. २०११ मध्ये एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष आले, ज्यात पुण्याचे केंद्रही सहभागी होते: बाधित जोडीदाराला लवकर औषधे दिली तर दुसऱ्याला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो. २०१७ पासून भारतात निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आले. उपचार हाच प्रतिबंध ठरला.

२९)
यामुळे चाचणीचा अर्थच पालटला. १९८९ मध्ये ‘पॉझिटिव्ह’ अहवाल हा कोठडीचा रस्ता होता. आज तो औषधाचा रस्ता आहे. नियमित औषधे घेऊन ज्याच्या रक्तातील विषाणू चाचणीत सापडण्याइतकाही उरत नाही, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. उपचारांविना आईकडून बाळाला होणाऱ्या संसर्गाची शक्यता १५ ते ४५ टक्के. वेळेवर उपचारांनी ती ५ टक्क्यांच्या खाली येते. लोकांनी चाचणीला यावे यासाठी याहून मोठे आमंत्रण कोणते?

३०)
तरीही काम अपुरे आहे. राष्ट्रीय लक्ष्य ९५-९५-९५ असे आहे: बाधितांपैकी ९५ टक्क्यांना निदान ठाऊक असावे, त्यांतील ९५ टक्के उपचारांवर असावेत, त्यांतील ९५ टक्क्यांत विषाणू दबलेला असावा. २०२३-२४ मधील आकडे साधारण ८१, ८८ आणि ९७ असे आहेत. औषधांपर्यंत पोहोचलेल्यांचे बरे चालले आहे. सर्वांत दुबळा आकडा पहिलाच. देशात २५ लाखांहून अधिक बाधित, त्यांत सुमारे ४ लाख महाराष्ट्रात. आणि साधारण पाचांतील एकाला आपले निदानच ठाऊक नाही.

३१)
हा पाचवा माणूस कोठे आहे? तो धानोरी-विश्रांतवाडीच्या बांधकामावरचा परगावचा मजूर असू शकतो, आळंदी रस्त्यावर ट्रक थांबवून चहा घेणारा चालक असू शकतो, महाविद्यालयीन तरुण असू शकतो किंवा चार भिंतींत संसार करणारी गृहिणी. त्याला चाचणी केंद्राच्या पायरीवर थांबवते ती एकच भीती: कळले तर काय होईल? घरमालक, मालक, सासर, गाव. सक्तीचा प्रत्येक प्रस्ताव ही भीती खरी असल्याची ग्वाही देतो आणि तो पायरीवरून माघारी वळतो.

३२)
जोर लावायचाच असेल तर तो व्यवस्थेवर लावावा. केंद्रात समुपदेशक पूर्णवेळ व कायम का नसावा? कामगाराची पाळी सुटल्यावर केंद्र उघडे का नसावे? कायद्यातील लोकपाल आपल्या राज्यात कोण आहे, हे किती नागरिकांना सांगता येईल? शाळेत लैंगिक शिक्षण म्हटले की सभागृहे का तापतात? या प्रश्नांना पैसा आणि धैर्य लागते. विवाहाच्या अर्जाला आणखी एक कागद जोडायला दोन्ही लागत नाहीत. म्हणूनच तो मार्ग राजकारण्यांना प्रिय आहे.

३३)
इतिहासप्रेमी तरुणांसाठी शेवटचा तपशील. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीतील ज्या गव्हर्न्मेंट हाउसमधील समारंभाहून रँड परतत होता, ती वास्तू आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे आणि २०१४ पासून ते विद्यापीठ सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखले जाते. नावापुरता निवाडा पुण्याने केला आहे. धोरणातही तोच व्हावा. चाचणीविषयी शंका असणाऱ्याला पुढचे पाऊल सांगायचे असेल तर राष्ट्रीय एड्स मदतवाहिनीचा १०९७ हा मोफत क्रमांक पुरेसा आहे.

(थ्रेड समाप्त)